पाय सुजलाय का, हे रोज कोण बघतं?

जे ब्लॉगवर वाचताय त्यांच्यासाठी: हा भाग जसा बोलले तसाच लिहून काढलाय, मधलं माझं अडखळणं तेवढं गाळलंय.

आजचा विषय आहे हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असताना पायाच्या शिरेत होणारी रक्ताची गुठळी. आता तुम्ही म्हणाल, ही बाई बीटेक, सॉफ्टवेअरवाली, हिचा काय संबंध? संबंध असा की मी ज्या टीममध्ये काम करते ती टीम हॉस्पिटलसाठी नर्सिंगची सॉफ्टवेअर बनवते. सिस्टर पेशंटचा ताप, बीपी, इंजेक्शनची वेळ जिथे नोंदवतात, ते स्क्रीन आमचे. त्यातलाच एक स्क्रीन आहे गुठळीच्या धोक्याचा. तो बनवताना जे वाचलं, डॉक्टरांकडून आणि सिस्टरांकडून जे समजलं, आणि मग घरातच जे बघितलं, ते आज सांगणार आहे. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. त्यामुळे इथलं ऐकून कुणी औषध सुरू करू नका, बंदही करू नका. पण प्रश्न विचारायला शिका. आजचा भाग त्यासाठीच.

आधी गुठळी म्हणजे काय ते बघू.

बोट कापलं की रक्त गोठतं, जखम बंद होते. ही शरीराची चांगली सोय. पण हेच रक्त जखम नसताना, शिरेच्या आतच गोठलं तर? पायात खोलवर मोठ्या शिरा असतात, पोटरीत, मांडीत. तिथे गुठळी झाली की त्याला डॉक्टर डीप व्हेन थ्रॉम्बोसिस म्हणतात, थोडक्यात डीव्हीटी. गुठळी तिथेच राहिली तर पाय सुजतो, दुखतो. पण तिचा तुकडा सुटला तर तो रक्ताबरोबर वर जातो, हृदयाच्या उजव्या भागातून जाऊन फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकतो. त्याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. तुकडा मोठा असेल तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. घरच्यांना वाटतं हार्ट अटॅक आला.

गुठळी का होते, याची तीन कारणं सांगतात. जर्मनीतले रुडॉल्फ विरशो नावाचे डॉक्टर होते, त्यांच्या नावाने ही तीन कारणं ओळखली जातात. एक, रक्ताचा वेग मंदावणं. दोन, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं. तीन, रक्तच जास्त गोठणारं होणं. याच विरशोंचा जन्मदिवस 13 ऑक्टोबर, आणि 2014 पासून तोच दिवस जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळतात.

आता हॉस्पिटलचा बेड डोळ्यासमोर आणा. माणूस पडून आहे, म्हणजे पोटरीचे स्नायू हलत नाहीत. पायातलं रक्त वर ढकलायचं मोठं काम हे स्नायूच करतात, तर रक्त मंदावलं. ऑपरेशन झालंय किंवा हाड मोडलंय, म्हणजे शिरांना इजा. अंगात इन्फेक्शन आहे, कॅन्सर आहे किंवा नुकतंच बाळंतपण झालंय, म्हणजे रक्त जास्त गोठणारं. तिन्ही कारणं एका बेडवर! ज्या जागी माणूस बरा व्हायला जातो, तिथेच हा धोका वाढतो.

हा धोका किती जणांना असतो? 2008 साली लॅन्सेट या साप्ताहिकात एक मोठा अभ्यास आला होता, एंडोर्स नावाचा. 32 देश, 358 हॉस्पिटलं, 68,183 पेशंट. ॲडमिट असलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना गुठळीचा धोका होता. आणि त्या धोक्यातल्या लोकांपैकी योग्य ती काळजी मिळाली साधारण निम्म्यांनाच. त्याच अभ्यासातले भारताचे आकडे वेगळे छापून आले. आपल्याकडेही धोका निम्म्याहून जास्त जणांना होता, पण योग्य काळजी मिळाली 17 टक्क्यांच्या आसपास लोकांना. आपल्याकडे बरीच वर्षं एक समज होता की गुठळ्या गोऱ्या लोकांना होतात, आपल्याला फारशा होत नाहीत. धोका सारखाच निघाला, काळजी मात्र कितीतरी कमी.

मग धोका मोजतात कसा? इथे माझ्या आवडीचा भाग सुरू होतो, कारण हे चक्क गुणांचं गणित आहे.

ऑपरेशनच्या पेशंटसाठी कॅप्रिनी स्कोर वापरतात. अमेरिकेतले सर्जन जोसेफ कॅप्रिनी यांनी तो तयार केला, आणि त्याची 2005 ची आवृत्ती बऱ्याच ठिकाणी चालते. वय 41 ते 60 असेल तर 1 गुण, 61 ते 74 असेल तर 2, 75 आणि पुढे 3. वजन जास्त असेल तर 1. कॅन्सर असेल तर 2. तीन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणाला खिळलेला असेल तर 2. आधी कधी गुठळी झाली असेल तर 3, आणि घरात कुणाला झाली असेल तरी 3. खुब्याचं, कंबरेचं किंवा पायाचं हाड मोडलं असेल तर एकदम 5. बेरीज 5 किंवा त्याच्या वर गेली की धोका जास्त.

ज्यांचं ऑपरेशन नाही, न्यूमोनिया, हार्ट फेल्युअर अशा कारणाने जे ॲडमिट आहेत, त्यांच्यासाठी पाडुआ स्कोर. इटलीतल्या पाडुआ शहराचं नाव, 2010 साली छापून आला. त्यात 4 किंवा जास्त गुण म्हणजे जास्त धोका. त्यांनी 1180 पेशंट बघितले. जास्त धोका असूनही ज्यांना प्रतिबंधक उपचार मिळाले नाहीत, त्यांच्यात शंभरातल्या 11 जणांना गुठळी झाली. ज्यांना मिळाले त्यांच्यात साधारण 2 जणांना. कमी धोक्याच्या लोकांत हजारात 3. म्हणजे साध्या बेरजेने कुणाकडे जास्त लक्ष द्यायचं ते बऱ्यापैकी कळतं.

इंजिनीअरच्या डोक्यात लगेच येतं, अरे मग हे तर कॉम्प्युटरच करेल! वय सिस्टिममध्ये आहे, वजन आहे, निदान आहे. बेरीज करा, लाल खूण दाखवा, काम झालं.

हा प्रयोग खरंच झालाय. बॉस्टनमधल्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलने तो केला, 2005 साली छापला. धोका जास्त असूनही काहीच उपचार चालू नव्हते असे 2506 पेशंट कॉम्प्युटरने शोधले. निम्म्यांच्या डॉक्टरांना स्क्रीनवर सूचना गेली, निम्म्यांच्या डॉक्टरांना नाही. 90 दिवसांनी बघितलं तर सूचना न गेलेल्या गटात 8.2 टक्के लोकांना गुठळी झाली होती, सूचना गेलेल्या गटात 4.9 टक्के. कमाल आहे की नाही? एका पॉप-अपने एवढा फरक.

पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा बघा. सूचना मिळाल्यावर किती डॉक्टरांनी उपचार सुरू केले? 33.5 टक्के. सूचना नसलेल्या गटात 14.5 होते. म्हणजे दुपटीहून जास्त झाले हे खरं, पण स्क्रीनवर स्पष्ट लिहून आल्यावरही तीनातल्या दोघांच्या बाबतीत काहीच बदललं नाही. काहींना कारण असेल, रक्तस्राव वगैरे. तरी हा आकडा मी विसरू शकत नाही. माझ्या फोनवर दिवसाला किती नोटिफिकेशन येतात आणि मी किती न वाचता सरकवते, ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे.

आमचं सॉफ्टवेअर एका हॉस्पिटलमध्ये बसवताना मला दोन रात्री वॉर्डमध्ये बसायला मिळालं. मेडिसिनचा वॉर्ड, रात्रपाळीला दोन सिस्टर आणि एक मावशी. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन. रात्री दोनच्या सुमारास सीनियर सिस्टरांनी ॲप्रनच्या खिशातून एक छोटी डायरी काढली आणि बेड नंबर लिहिले. मी विचारलं, सिस्टर, हे काय? तर म्हणाल्या, "मॅडम, तुमचं मशीन विचारतं पेशंट चालतो का. नऊ नंबरचे आजोबा ॲडमिट झाले तेव्हा चालत होते. काल दुपारपासून ताप आहे, लघवीलाही उठले नाहीत. मशीनला हे कोण सांगणार?"

मला तिथे आजच्या भागाचा मुद्दा मिळाला. धोका ॲडमिट होतानाच्या कागदावर थांबत नाही. तो दर पाळीला बदलतो. आणि तो बदललाय हे सगळ्यात आधी दिसतं ते सिस्टरला. डॉक्टर राउंडला येतात, पाच मिनिटं थांबतात. नर्स दिवसरात्र असते. माणूस आज बेडवरून उतरला का, पाणी प्यायला का, एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसतोय का, हे तिच्या नजरेतून जातं. म्हणून जगभरातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, धोका ॲडमिट होताना मोजा आणि तब्येत बदलली की पुन्हा मोजा. हे "पुन्हा" जिथे गळतं, तिथे सगळं गळतं.

आणि हे मी पुस्तकातून बोलत नाहीये. माझी आत्या, वय 68, शनिवारी रात्री बाथरूममध्ये पाय घसरून पडली. कॅज्युअल्टीत नेलं. तिथे एक फॉर्म भरला गेला. त्यात प्रश्न होता, पेशंट चालते का? माझ्या आतेभावाने सांगितलं, हो, रोज देवळात चालत जाते. खरंच होतं ते. गुठळीचा धोका: कमी, अशी खूण झाली. मग एक्सरे निघाला. खुब्याचं हाड मोडलेलं.

आता गणित करा. वयाचे 2, हाडाचे 5, वजनाचा 1. झाले 8. आणि फॉर्मवर "कमी". कारण फॉर्म एक्सरेच्या आधी भरला होता आणि नंतर तो कुणी उघडलाच नाही. इन्शुरन्सची मंजुरी, शुगर आटोक्यात आणणं, यात ऑपरेशन बुधवारवर गेलं. शनिवार ते बुधवार आत्या हलली नाही. म्हणजे आणखी 2. त्या चार दिवसांत ना इंजेक्शन, ना पायाला मशीन. ऑपरेशननंतर इंजेक्शन सुरू झालं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळच्या पाळीच्या सिस्टर आल्या. त्यांनी चादर बाजूला केली, दोन्ही पोटऱ्या बघितल्या आणि टेप मागवला. गुडघ्याखाली दोन्हीकडे सारख्याच अंतरावर मोजलं. एक पोटरी चार सेंटीमीटरने जाड. ऑपरेशनच्या बाजूचा पाय थोडा सुजतोच, पण त्यांनी ते कारण पुढे करून विषय सोडला नाही. कालचं माप शोधलं, सापडलं नाही, ताबडतोब डॉक्टरांना फोन केला. रात्री डॉपलर सोनोग्राफी झाली, मांडीपर्यंत गुठळी होती. उपचार सुरू झाले, पुढे तीन महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या. आत्या आज ठीक आहे, काठी घेऊन चालते.

आधी इंजेक्शन मिळालं असतं तर गुठळी झालीच नसती, असं मी म्हणणार नाही. प्रतिबंध करूनही काही जणांना होते. पण त्या चार दिवसांत प्रश्न पुन्हा विचारला गेला नाही, याचा मला आजही राग आहे. आणि त्या एका टेपचं ऋणही आहे.

तर आता बघू, नर्स या बाबतीत नक्की काय काय करते. कारण बाहेरून आपल्याला फक्त "इंजेक्शन दिलं" एवढंच दिसतं.

पहिलं, विचारपूस. आधी गुठळी झाली होती का? घरात कुणाला? कॅन्सर? गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? नुकतं बाळंतपण? लांबचा प्रवास करून आलात का? आणि याच्या जोडीला दुसरी बाजू: रक्तस्रावाचा धोका. अल्सर आहे का, प्लेटलेट कमी आहेत का, किडनी कशी आहे, मेंदूत रक्तस्राव झालाय का. कारण गुठळी रोखणारं औषध रक्तस्राव वाढवू शकतं. दोन्ही पारडी बघून डॉक्टर ठरवतात, पण ही माहिती गोळा करून त्यांच्यापर्यंत पोचवायचं काम बऱ्याचदा नर्सचं असतं.

दुसरं, हलवणं. ज्याला उठवता येतं त्याला आधार देऊन लवकर उठवणं, खुर्चीत बसवणं, चार पावलं चालवणं. ज्याला उठता येत नाही त्याच्याकडून घोट्याचा व्यायाम: पंजा वर, पंजा खाली, जागं असताना दर तासाला थोडा थोडा. आपल्याकडे पेशंटला "आराम कर, हलू नको" म्हणणं हे प्रेम समजलं जातं. नातेवाईक एवढे प्रेमळ की ग्लाससुद्धा तोंडाला लावतात. डॉक्टरांनी हलायला मनाई केली नसेल तर जरा उलट प्रेम करा. स्वतःच्या हाताने पाणी पिऊ द्या, धरून का होईना बाथरूमपर्यंत चालू द्या. फक्त एकट्याला सोडू नका, पडायची भीती असते.

तिसरं, इंजेक्शन. हेपरिन किंवा एनॉक्सापारिन, पोटाच्या कातडीखाली. बेंबीपासून साधारण पाच सेंटीमीटर दूर, कातडीची घडी चिमटीत धरून, रोज बाजू बदलून. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढत नाहीत. टोचल्यावर चोळायचं नसतं, चोळलं तर काळंनिळं जास्त होतं. सिस्टर चोळत नाहीत म्हणजे घाई करतायत असं समजू नका.

आता यात एक गंमत आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस पेशंटला मिळतोच असं नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये यावर बरंच काम झालंय. चुकलेल्या डोसचं सगळ्यात मोठं कारण काय निघालं? पेशंटने नको म्हणणं. "मी चालतोय की, कशाला टोचता?" मग त्यांनी असं केलं, की डोस चुकला की लगेच एका नर्सला निरोप जायचा. ती त्या पेशंटकडे जाऊन बसायची, हे इंजेक्शन कशासाठी आहे ते समजावून सांगायची, सोबत कागद आणि व्हिडिओ. न दिल्या गेलेल्या डोसचं प्रमाण 9.1 टक्क्यांवरून 5.6 वर आलं. 2018 साली हे छापून आलं. इथेही कॉम्प्युटर होता, पण सूचना कुठे गेली बघा. समजावू शकेल अशा माणसाकडे गेली.

आत्याचंही हेच. "पोटात सुई? मला नको गं बाई." तिला सिस्टरने विचारलं, "आजी, हे पोटासाठी नाही, पायासाठी आहे. पायातली गाठ छातीत जाऊ नये म्हणून." मग तिने गुपचूप घेतलं. एक वाक्य पुरलं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. हेपरिन आणि एनॉक्सापारिन डुकराच्या आतड्यापासून बनतात. काही जणांना धर्मामुळे किंवा शाकाहारामुळे हे जाणून घ्यायचं असतं. तसं असेल तर आधीच मोकळेपणाने विचारा. फोंडापारिनक्ससारखं प्रयोगशाळेत बनवलेलं औषधही आहे, ते तुमच्या पेशंटला चालेल का ते डॉक्टर सांगतील.

चौथं, मशीन. पायाला पट्टे गुंडाळतात, त्यात हवा भरते आणि सुटते, पोटरी दाबली जाते. रक्तस्रावाच्या धोक्यामुळे इंजेक्शन देता येत नाही तेव्हा याचा मोठा आधार. लकव्याच्या, म्हणजे स्ट्रोकच्या, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटवर क्लॉट्स 3 नावाचा अभ्यास झाला, 2013 मध्ये आला. मशीन न लावलेल्यांत 12.1 टक्के लोकांना गुठळी झाली, लावलेल्यांत 8.5 टक्के. पण मशीन चालू असेल तरच ना! अंघोळीला काढलं, एक्सरेला नेलं, परत लावलंच नाही, पट्टे बेडच्या कडेला लोंबकळतायत, हे दृश्य मी दोन रात्रींत तीनदा बघितलं. परत लावून घेणं, पट्ट्याखालची कातडी बघणं, हेही नर्सिंगच.

आणि ते घट्ट पांढरे मोजे? ते सगळ्यांनाच चालतात असं नाही. स्ट्रोकच्याच पेशंटवर मांडीपर्यंतच्या मोज्यांचा अभ्यास 2009 साली आला. गुठळी कमी झाली नाही, उलट कातडीला जखमा जास्त झाल्या. ज्यांच्या पायाच्या धमन्यांत रक्त कमी पोचतं, त्यांना तर मोजे त्रासदायक ठरू शकतात. म्हणून सिस्टर आधी पायाची नाडी बघतात, टेपने माप घेतात, रोज मोजा काढून कातडी तपासतात. मेडिकलवाल्याकडून अंदाजाने मोजे आणून चढवू नका. गुंडाळी होऊन गुडघ्याखाली आवळून बसलेला मोजा तर नकोच.

पाचवं, बघणं. रोज दोन्ही पाय उघडे करून बघणं. एकाच पायाला सूज, पोटरी दुखणं, गरम लागणं, रंग बदलणं. आणि छातीची लक्षणं: अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, नाडी वेगात, खोकल्यातून रक्त, भोवळ.

इथे आपल्या घरातल्या सवयीबद्दल एक विनंती. पोटरी दुखते म्हटलं की आपला पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. "थांब, चेपून देते." ॲडमिट असलेल्या किंवा नुकत्याच घरी आलेल्या माणसाचा एकच पाय सुजून दुखत असेल तर चेपू नका, चोळू नका. आधी सिस्टरना किंवा डॉक्टरना दाखवा. तसंच गुडघ्याच्या मागे उशी खुपसून ठेवू नका, तिथेच शीर दाबली जाते.

आता घरी आल्यावर. डिस्चार्ज मिळाला म्हणजे धोका संपला असं नसतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर गुठळी रोखायचं औषध 35 दिवसांपर्यंत देतात. हॉस्पिटलमधला मुक्काम मात्र आठवडाभराचा. म्हणजे बरेचसे दिवस घरचेच. डिस्चार्जच्या गडबडीत, बिल, फाईल, रिक्षा, यात ते इंजेक्शन किंवा गोळी किती दिवस, कुणी द्यायची, हे नीट लिहून घ्या. मोबाइलमध्ये रोजचा अलार्म लावा. आजी-आजोबांच्या फोनमध्ये नका लावू, स्वतःच्या फोनमध्ये लावा.

हे सगळं फार अवघड आहे का? इंग्लंडचं उदाहरण घ्या. 2005 साली तिथल्या संसदेच्या आरोग्य समितीने सांगितलं, हॉस्पिटलमधल्या टाळता येण्यासारख्या गुठळ्यांमुळे वर्षाला साधारण 25,000 लोक जातात. मग 2010 पासून ॲडमिट होणाऱ्या प्रत्येक प्रौढ पेशंटचा धोका मोजला गेला का, हे देशभर मोजायला लागले, आणि 90 टक्क्यांचं लक्ष्य ठेवून त्याला हॉस्पिटलच्या पैशांशी जोडलं. आधी निम्म्यांचाही मोजला जात नव्हता, काही वर्षांत 90 टक्क्यांच्या वर गेला. नवीन औषध शोधलं नाही. विचारायचं ठरवलं आणि विचारलंय का ते तपासलं.

आमच्या स्क्रीनमध्ये त्या सिस्टरांच्या डायरीतून एक प्रश्न घेतलाय. पाळी बदलताना एकच विचारतो: पेशंट गेल्या पाळीत बेडवरून किती वेळा उतरला? उत्तर शून्य आलं की धोक्याचा फॉर्म पुन्हा उघडतो. डोस चुकला तर कारण लिहावं लागतं, आणि ते पुढच्या सिस्टरला दिसतं. छोटीशीच गोष्ट आहे. पण सॉफ्टवेअरने इथे एवढंच करावं, ज्या माणसाची नजर कामाची आहे तिला आठवण करून द्यावी आणि तिचा वेळ खाऊ नये. वीस-पंचवीस पेशंट बघणाऱ्या सिस्टरला आणखी पन्नास चौकोन भरायला लावले, तर ती टेप काढणार कधी?

तर शेवटी तुमच्यासाठी. घरात कुणी ॲडमिट झालं तर चार प्रश्न. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक: सिस्टर, यांचा गुठळीचा धोका मोजलाय का, आणि किती आहे?

दोन: त्यासाठी काय चालू आहे, इंजेक्शन, मशीन की फक्त चालणं? काहीच नसेल तर का नाही?

तीन: यांची तब्येत बदलली, ऑपरेशन झालं, ताप आला, चालणं थांबलं, तर पुन्हा मोजणार का?

चार: घरी गेल्यावर किती दिवस काय घ्यायचं, आणि कोणती लक्षणं दिसली तर लगेच यायचं?

हे विचारताना आवाज चढवायची गरज नाही. सिस्टरवर आधीच ओझं आहे, तुम्ही तिची परीक्षा घेत नाही आहात. "काल तर बाथरूमपर्यंत जात होते, आज उठलेच नाहीत" एवढं जरी तुम्ही सांगितलंत, तरी तिला मोठी मदत होते. आणि घरी असताना अचानक धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर आली, तर सकाळपर्यंत थांबू नका, ॲसिडिटीची गोळी देऊन झोपवू नका. 108 ला फोन करा आणि सांगा, नुकतंच ऑपरेशन झालंय किंवा नुकतेच हॉस्पिटलमधून आलेत. हे वाक्य आधी सांगा, त्याने डॉक्टरांचा विचार योग्य दिशेला जातो.

भाग आवडला तर घरच्या ग्रुपवर पाठवा. रोज सकाळी फुलांचे फोटो येतात, त्यात एक दिवस हे जाऊ दे. आणि तुमच्यापैकी कुणी नर्सिंग करत असेल, शिकत असेल, तर मला जरूर लिहा. तुमच्या डायरीत असं काय आहे जे आमच्या स्क्रीनवर नाही, ते मला ऐकायचंय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि बराच वेळ बसून ऐकत असाल तर आता उठा, दोन फेऱ्या मारा!